सर्फ रॉक ऐकताना वरातीतला बँजो का आठवतो?

बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी लोणारच्या सरोवरात आहे, खारपाणपट्ट्यातल्या विहिरींतही आहे. समुद्र मात्र नाही. तरीही समुद्राच्या लाटांवरून नाव पडलेलं एक परदेशी संगीत इथल्या माणसाला पहिल्याच मिनिटात ओळखीचं वाटू शकतं. तारेवर फिरणाऱ्या नखीचा तसाच सपाटा त्याने लहानपणापासून वरातीत ऐकलेला असतो.

सर्फ रॉक म्हणजे काय?

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर हा प्रकार बहरला. फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांचं हे नाचाचं संगीत. त्यातल्या अनेक रचनांत गायकच नसतो, इलेक्ट्रिक गिटारच चाल वाजवते. डिक डेल यांनी 1962 मध्ये वाजवलेली 'मिसिर्लू' ही त्यातली सर्वांत गाजलेली रचना. 1994 च्या 'पल्प फिक्शन' चित्रपटाच्या श्रेयनामावलीमुळे ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

हा आवाज घडतो कसा?

नखी तारेवर खाली-वर इतकी भरभर फिरते की सूर तुटत नाही, थरथरत राहतो. या संगीताची ओळख बनलेल्या 'रिव्हर्ब'मध्ये आवाज स्प्रिंगांमधून जातो आणि त्याला खोल घुमारा मिळतो. 'मिसिर्लू'ची चाल तर मुळात पूर्व भूमध्य समुद्राकडची. तिच्यात रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध, म्हणजे आपल्या भैरव थाटाचेच स्वर. म्हणून ती पाय हलवते आणि हुरहुरही लावते.

बँजोशी नातं काय?

वरातीतला बँजो अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग, जपानमध्ये 1912 साली तयार झालेल्या 'ताईशोगोतो'चा भारतीय अवतार. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा, उजव्या हातात नखी. पिकअप जोडून, मिक्सरवर एको चढवून तो गाडीवर वाजतो. सर्फ रॉकशी त्याचा थेट संबंध नाही, पण काम तेच. खामगाव-चिखलीकडच्या वरातीत बँजो वाजतो तेव्हा गाण्याचे शब्द कुणी म्हणावे लागत नाहीत. ते तारच म्हणते.

मग मुद्दा काय?

डिक डेल 'सर्फ गिटारचा राजा' ठरले. बँजोवादकाच्या वाट्याला मात्र 'गोंगाट' हा शेरा आणि डीजेशी स्पर्धा येते. आवाजाची तक्रार खोटी नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण तो दोष आवाजाच्या पातळीचा, वाद्याचा नव्हे. डीजेच्या भिंतीशी बरोबरी करायला बँजोचा आवाज चढवला की सर्वांत आधी नखीची थरथर हरवते. म्हणजे वादक ज्या कौशल्यावर पोट भरतो, तेच ऐकू येईनासं होतं.

रवी जाधव यांच्या 2016 च्या 'बँजो' चित्रपटाने या वादकांना पडद्यावर आणलं. गावात ते आजही 'बँजोवाले'च. सुपारी देणारे वरपक्ष आणि मंडळं हे बदलू शकतात. आवाज आटोक्यात ठेवायला सांगावं, ठरलेले पैसे वेळेवर द्यावेत आणि मंडळाच्या फलकावर देणगीदारांच्या शेजारी वादकाचंही नाव लिहावं. गिटार वाजवणाऱ्याला कलावंत म्हणायचं, तर वरातीपुढे तासन् तास नखी चालवणाऱ्यालाही तेच म्हणायला हवं.