निळ्या बाटलीतलं तांबं

हल्ली एक निळसर द्रवाची छोटी बाटली घरोघरी येऊ लागली आहे. तिच्यावर 'कॉपर पेप्टाइड' असं लिहिलेलं असतं. लावली की सुरकुत्या मावळतात, कातडी भरून येते, गळालेले केस पुन्हा उगवतात, असं सांगतात. किंमत मात्र अशी, की वाणसामानाच्या यादीतल्या दोन-चार वस्तूंवर काट मारावी लागेल! घ्यावी की नाही? चला, आज हाच हिशेब मांडू या.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १९७३ साली अमेरिकेत लोरेन पिकार्ट या संशोधकाला माणसाच्या रक्तद्रवात प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा सापडला. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन अशा तीनच मण्यांची ही माळ. ती तांबं घट्ट धरून ठेवते, आणि बाटलीला निळा रंग येतो तो या तांब्यामुळेच. लेबलावर तिचं नाव 'कॉपर ट्रायपेप्टाइड-१' असं असतं.

कातडीला तांब्याचं काम काय, असं वाटेल. पण काम आहे, बरं का! कातडीला बळकटी देणारं कोलॅजन म्हणजे बारीक धागे. ते एकमेकांना बांधणारं जे एन्झाइम शरीरात असतं, ते तांब्याशिवाय चालत नाही. मेन्केस नावाच्या दुर्मीळ जन्मजात आजारात शरीराला तांबं नीट वापरता येत नाही, तेव्हा बाळाचे केस पिळवटलेले आणि ठिसूळ होतात.

म्हणजे ही नुसती थाप नव्हे. प्रयोगशाळेत या पेप्टाइडमुळे पेशी जास्त कोलॅजन तयार करतात. चेहऱ्यावर काही आठवडे क्रीम लावून केलेल्या लहान चाचण्यांत बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसल्या. पण 'थोड्या' हा शब्द विसरू नका. कातडीचा वरचा थर बाहेरचं काही सहजासहजी आत जाऊ देत नाही, आणि पेशींच्या ताटलीत जे घडतं तेच गालावर घडेल असं नाही.

केसांच्या बाबतीत तर पुरावा आणखी तोकडा आहे. भांगाजवळचे केस विरळ होत जातात त्यावर चांगलं पारखलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. तेही डॉक्टरांना विचारूनच लावायचं, आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नाहीच.

आता खरी कळीची गोष्ट. केस गळणं ही अनेकदा डोक्याची नव्हे, अंगाची तक्रार असते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर, एकदम जेवण तोडल्यावर केस पुंजक्यांनी येतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप थांबतात. थायरॉइड बिघडला तरी गळतात. अंगात लोह कमी पडलं तरी गळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते ताटात घेणारी, पाळीत जास्त रक्त जाणारी, जिना चढताना धापा टाकणारी बाई डोक्याला निळं पाणी चोळत बसली, तर दुखणं तसंच राहील आणि पैसेही जातील. म्हणून आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी. बाटलीचा विचार त्यानंतर.

'मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर?' असंही विचारतात. खुशाल प्या, पण त्याने केस येतील असं समजू नका. तीळ, डाळी, शेंगदाणे यांतून तांबं पुरेसं मिळतं. ताक, लिंबूसरबत, चिंचेचं सार मात्र कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने तांबं उतरतं आणि मळमळ, उलटी होते. आणि निळा रंग पाहून घरी मोरचूद कालवण्याचा उद्योग तर मुळीच नको. ते विष आहे.

तपासण्या झाल्या, हौस आहे, पैसेही आहेत, तर एवढं पाळा :

• आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस पाहा. खाज किंवा लाली आली तर बाटली बाजूला ठेवा.
• रात्री धुतलेल्या चेहऱ्यावर लावा. 'क' जीवनसत्त्वाचं सीरम त्याच वेळी नको. ते सकाळी लावा.
• उघड्या जखमेवर लावू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा.
• सुरुवातीला एक फोटो काढा, तीन महिन्यांनी त्याच उजेडात दुसरा. फरक नसेल तर पुन्हा विकत घेऊ नका.
• याचं इंजेक्शन कुणी पार्लरमध्ये देऊ केलं, तर सरळ उठून घरी या.

आणि एकच वस्तू परवडत असेल, तर उन्हात जाताना लावायचं सनस्क्रीन घ्या. सुरकुत्या आणि काळे डाग वाढवण्यात उन्हाचा वाटा मोठा. बाकी, केसांसाठी बाजूला काढलेले पैसे आधी रक्ततपासणीला खर्च करा. आणि निदान आजपासून तरी आमटीची वाटी आपल्यासाठी आधी काढून ठेवा!