भाड्याच्या भिंतीची ओल

नवरात्र सरून आभाळ निवळले आणि आमोण्याच्या काठाने मांडवीचे गढूळ पाणी पुन्हा आपल्या मूळ वर्णावर आले, की गावात दिवाळीची झाडलोट सुरू होते. मुलांचे गट नरकासुराच्या सांगाड्याला कागद डकवू लागतात, नव्या भाताचे पोहे डब्यात पडतात, आणि ज्याला ऐपत आहे तो रंगाऱ्याला व ज्याला नाही तो चुन्याच्या बादलीला हात घालतो. या खटपटीत कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढले जाते आणि त्याच्या पाठीमागे चार महिन्यांच्या पावसाने काय करून ठेवले आहे ते प्रथमच उजेडात येते: फुगून सुटलेला गिलावा, त्यावर पांढऱ्या क्षाराची रेघ, कोपऱ्यात काळपट हिरवी बुरशी, आणि मुलांच्या दाखल्यांच्या पिशवीला लागलेला कुबट वास. घर स्वतःचे असेल तर गृहस्थ कपाळाला हात लावतो आणि गवंड्याला बोलावतो. घर भाड्याचे असेल तर हे मालकाच्या कानावर घालावे की मुकाट्याने वर एक हात चुना ओढून सण साजरा करावा, याचा तो आधी विचार करतो. या दुसऱ्या गृहस्थाचा संकोच हाच आमच्या यंदाच्या संपादकीयाचा विषय आहे, आणि दिवाळीच्या मंगल प्रसंगी बुरशीचे नाव काढल्याबद्दल कोणी नाक मुरडणार असेल, तर त्याने एकवार आपल्या भाडेकरूचे कपाट पुढे ओढून पाहावे.

परक्याच्या जमिनीवर किंवा परक्याच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाची गोव्याच्या राजकारणाने कणव केली नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मुक्तीला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १९६४ साली, कूळ कायदा आला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या अमदानीत १९६८ चा इमारतींचे भाडेपट्टे, भाडे आणि निष्कासन यांचे नियंत्रण करणारा अधिनियम झाला. आणि पुढे मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या कारकीर्दीत १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा संमत होऊन १२ मार्च १९७६ पासून अमलात आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मर्जीवर त्याच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला या कायद्याने घराबाहेर काढले जाण्यापासून अभय दिले, घराची डागडुजी करण्याचा अधिकार दिला आणि ते घर विकत घेण्याची वाटही मोकळी करून दिली. परंतु मुंडकार कोणास म्हणावे याची व्याख्या करताना कायदेकर्त्यांनी काही माणसांना उंबरठ्याबाहेर ठेवले. घराबद्दल भाडे देणारा मनुष्य मुंडकार नव्हे, आणि खाणीत, कारखान्यात वा व्यापारी पेढीत नोकरी करून त्या नोकरीपायी मालकाच्याच जागेत राहणाराही मुंडकार नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हा भेद सयुक्तिक असेल, कारण भाडेकरूसाठी १९६८ चा अधिनियम होताच. पण व्यवहारात असे झाले की कूळ आणि मुंडकार यांच्या वाट्याला मोर्चे, निवडणुका आणि विधानसभेतली भाषणे आली, आणि भाडेकरूच्या वाट्याला अकरा महिन्यांचा करारनामा आला.

आमच्या डिचोली तालुक्यात हा भाडेकरू कोण, ते वेगळे सांगण्याचे कारण नाही. खाणींच्या भरभराटीत धक्क्यावरच्या बार्जीवर काम करणारा खलाशी, खनिजाच्या ट्रकाचा चालक, आमोण्याच्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यातला कामगार, बेळगाव-सिंधुदुर्गाकडून आलेली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली परिचारिका, बँकेत बदलून आलेला कारकून, अशी माणसे येथे खोल्या घेऊन राहत आली. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, आणि ज्या मालकांनी ट्रकांच्या आणि खोल्यांच्या उत्पन्नावर कर्जे काढली होती त्यांची ओढाताण आम्ही पाहिली आहे. हे येथे अशासाठी सांगितले, की भाडेकरूचा पक्ष घेताना घरमालक म्हणजे कोणी सावकार आहे असा आव आणण्याची आमची इच्छा नाही. आमच्याकडचा मालक पुष्कळदा दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हाताऱ्या आईचे औषधपाणी करणारा मनुष्य असतो.

मात्र तोच मालक भिंत दाखवली असता, ‘पावस म्हळ्यार ओल येतलीच’, असे म्हणून विषय संपवतो, आणि येथे त्याच्याशी भांडण करणे प्राप्त आहे. ओल आभाळातून पडत असली तरी ती घरात येते ती बांधकामाच्या वाटेने. आपल्या वाडवडिलांना येथला पाऊस आपल्याहून कमी ठाऊक नव्हता. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि उन्हात ते परत देतो, हे जाणून त्यांनी जोते उंच घेतले, भिंतीवर चुन्याचा गिलावा दिला, कौलांची पावळी भिंतीपासून दूर पडेल इतकी पुढे काढली, आणि पश्चिमेच्या अंगाला मिरगापूर्वी विणलेल्या चुडतांचा आडोसा बांधला. शाकारणी हे वर्षाचे काम होते आणि ते करण्यास कोणाची नोटीस लागत नसे. मग सिमेंट आले. त्याच चिऱ्यावर सिमेंटचा घट्ट लेप बसला, त्यावर तैलरंग चढला, उतरत्या छपराच्या जागी सपाट स्लॅब आला, पावळी गेली, आणि भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरली नाही. त्यात खनिजवाहतुकीच्या रस्त्यालगतच्या घरांत तांबड्या धुळीपायी खिडक्या लावून घेण्याची वर्षानुवर्षांची सवय. म्हणजे पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट आणि आतली हवाही कोंडलेली. बुरशीला याहून अधिक काय हवे?

ओलीचे मूळ कोठे आहे यावर तिची जबाबदारी कोणाची हे ठरते, म्हणून तिची ओळख भाडेकरूने आणि मालकाने दोघांनीही करून घ्यावी. जमिनीतून चढणारी ओल बहुधा कमरेच्या खालीच राहते आणि क्षाराची आडवी रेघ सोडते. आमच्या खाजनांच्या कडेच्या घरांत, जेथे भरतीबरोबर भूजल वर येते, ती विशेष दिसते. फुटलेल्या कौलातून, स्लॅबच्या तड्यातून किंवा गळक्या नळातून येणारी ओल डागाच्या रूपाने वरून वा मधूनच फुटते आणि पावसाच्या सरीबरोबर वाढते. या दोन्ही प्रकारांत राहणाऱ्याचा काडीचाही दोष नसतो. तिसरी ओल घरातल्या वाफेची, म्हणजे चुलीची, स्नानाची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची. ती थंड कोपऱ्यांत आणि कपाटामागे काळे ठिपके उठवते. हिच्यासाठी भाडेकरूने खिडकी उघडावी हे खरे, परंतु ज्या खोलीला मालकाने खिडकीच ठेवली नाही, तेथे हा उपदेश कोणास करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. इतक्या प्रमाणापर्यंत बुरशी निर्धोक अशी मर्यादा आखणे तिला शक्य वाटले नाही. दमा, खोकला आणि श्वसनाचे विकार यांच्याशी ओलीचा संबंध मात्र तिने स्पष्ट नोंदवला, आणि ओल येऊच न देणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय सांगितला.

आता कायद्याकडे वळू. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुक्तीनंतर गोव्यास लागू झाला. त्याच्या १०८ व्या कलमात, करारात किंवा स्थानिक वहिवाटीत उलट काही नसेल तर, भाडेपट्ट्यातील दोन्ही पक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, असे त्यात आहे. पण कोणती दुरुस्ती मालकावर बंधनकारक ते कलम स्वतः सांगत नाही, आणि करारनामा तर बहुधा मालकाच्या वकिलाने तयार केलेला असतो. आमच्या मते याहून महत्त्वाचे वाक्य त्याच कलमाच्या आरंभी आहे: जागेच्या नियोजित वापराला बाध आणणारा जो दोष मालकाला ठाऊक आहे आणि भाडेकरूला नाही, व जो सामान्य दक्षतेने पाहूनही त्याच्या ध्यानात आला नसता, तो मालकाने आधी उघड केला पाहिजे. खोली दाखवली जाते फेब्रुवारीत, रंगाचा वास ताजा असताना. ओल प्रकटते जुलैत. दर पावसाळ्यात कोणती भिंत पाझरते हे मालकाला, त्याच्या पत्नीला आणि शेजारच्या दुकानदारालाही माहीत असते. माहीत नसते ते फक्त अनामत रक्कम मोजणाऱ्याला. उन्हाळ्यातला हा रंगाचा हात म्हणजे आमच्या मते दोषाचे आच्छादन आहे, आणि त्याला सजावट म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

यावर मालकांचे उत्तर तयार असते, की आमचा भाडेपट्टा नाहीच, आमचा लीव्ह अँड लायसन्सचा करार आहे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांची पळवाट सर्वत्र रूढ झाली, आणि भाडेकरूला भाडेकरू न म्हणता परवानाधारक म्हटल्याने १९६८ च्या अधिनियमाचे छत्रही त्याच्या डोक्यावरून निघते असे समजले जाते. परंतु परवान्याचे नियमन करणाऱ्या सुविधाधिकार अधिनियमाचे ५७ वे कलम आमच्या मालकवर्गाने सहसा वाचलेले नसते. परवानाधारकाच्या जिवाला किंवा चीजवस्तूला धोका होण्याजोगा, आपणांस ठाऊक असलेला दोष परवाना देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे तेही म्हणते. तेव्हा करारनाम्याचे नाव बदलल्याने तोंड बंद ठेवण्याची मुभा मिळत नाही.

शेजारी महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाचे १४ वे कलम अधिक स्पष्ट बोलते. जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम कापून घ्यावी. केंद्राने २०२१ साली संमत केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमाच्या मसुद्यात तर परिशिष्टच जोडले आहे: संरचनेची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळांच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा मालकाकडे, तोट्यांचे वायसर आणि मोऱ्यांची साफसफाई भाडेकरूकडे, आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको. राज्याने स्वीकारल्यावाचून तो मसुदा कोणावर बंधनकारक नाही. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवण्याची सक्ती आहे आणि ती असावीही. पण भाडेकरूच्या ओळखपत्राची जेवढी चौकशी होते त्याच्या शतांशाने त्याच्या छपराची होत नाही.

मालकाच्या बाजूचेही एक सत्य सांगितले पाहिजे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली; मालकांना दुरुस्तीचा खर्च परवडेना, चाळी खचल्या, आणि त्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली म्हणावे लागले. दुरुस्तीची सक्ती हवी असेल तर वाजवी भाड्याला ना म्हणता येणार नाही. शिवाय आमच्या वारसाकायद्यामुळे एका घराचे हिस्सेदार कित्येकदा आमोण्यात, गिरगावात आणि लिस्बनमध्ये विखुरलेले असतात. भाडे घेणारा एक, कौले बदलण्यास संमती मागावी असे सात. पण ज्याच्या हाती भाडे पडते त्याने निदान नोटीस घेण्याइतका मालकपणा पत्करावा.

तक्रार कानाआड झाली की काय घडते ते पाहा. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बालक वारले; गृहसंस्थेच्या घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिला. बापाने तक्रारी आधीपासून केल्या होत्या. बुरशीचा दोष राहणाऱ्यांच्या राहणीवर ढकलण्याची सवय सोडा, असे तेथील गृहनिर्माण तक्रारनिवारण अधिकाऱ्याने २०२१ मध्येच बजावले होते. त्या बालकाच्या नावाने झालेला नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला आहे: तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करायचा, आणि गंभीर ओलीची पाहणी दहा कामकाजाच्या दिवसांत करायची. दिवसांची मोजदाद कायद्यात उतरण्यासाठी एक मूल जावे लागले. गोव्याच्या विधानसभेने इतकी वाट पाहू नये, एवढीच आमची मागणी आहे: १९६८ च्या अधिनियमाला दुरुस्तीची स्पष्ट मुदत जोडा, आणि ती परवानाधारकालाही लागू करा.

तोपर्यंत भाडेकरूंनी भाडे मात्र थांबवू नये. थकबाकी हे निष्कासनाचे कारण होते आणि खरी तक्रार त्यात बुडते. तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, लेखी नोटीस द्यावी आणि तिची पोच ठेवावी. स्त्रिया, कामगार आणि अनुसूचित जातिजमातींचे लोक यांना १९८७ च्या विधिसेवा अधिनियमाखाली मोफत वकील मिळतो, तेव्हा खर्चाच्या भयाने गप्प बसण्याचे कारण नाही.

आणि आमच्या वाचकांपैकी जे घरमालक आहेत, त्यांना या पाडव्याच्या निमित्ताने विनंती: नव्या करारनाम्यात ओल, गळती आणि छप्पर यांची दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची, हे दोन ओळींत लिहा, जी भिंत पाझरते ती खोली दाखवतानाच दाखवा, आणि रंगारी पाठवण्याआधी, मार्चमध्ये, गवंडी पाठवा.