मुक्या जिवाचे शेवटचे दिवस

कुत्रे-मांजर पाळणे ही बंगलेवाल्यांची चैन आहे, असे पुष्कळांना वाटते. आमच्या तुळिंजमध्ये येऊन पाहावे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि दाराशी गोणपाटावर सातवा जीव, असे संसार येथे गल्लोगल्ली आहेत. या कुत्र्यांना कोणी विकत आणलेले नसते. पावसात भिजलेले पिल्लू पोर उचलून आणते, आई दोन दिवस ओरडते आणि तिसऱ्या दिवशी तीच भाताची पेज घालते. पहाटेच्या लोकलसाठी निघालेल्या मालकाला नाक्यापर्यंत पोचवायला हेच जनावर जाते आणि रात्रपाळीवरून येणाऱ्या पावलांची चाहूलही घरात पहिल्यांदा यालाच लागते.

पण कुत्र्याचे आयुष्य ते किती? बारा ते पंधरा वर्षे. ज्या पोराने पिल्लू आणले ते दहावीला जाते, तोवर पिल्लू म्हातारे झालेले असते. मग घरात एक प्रश्न उभा राहतो आणि त्यावर मोकळेपणी कोणी बोलत नाही. म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहायचे आम्ही ठरवले.

आमच्या शेजारच्या चाळीत असेच एक कुटुंब आहे. कर्ता माणूस वसईच्या एका गाळ्यात कामाला, बायको चार घरचे शिवणकाम करते, दोन मुले आणि सासूबाई. त्यांचा मोती चौदा वर्षांचा झाला. मागचे पाय गेले, दिसेनासे झाले, जागच्या जागी घाण होऊ लागली. रात्री तो कण्हायचा आणि सगळी खोली जागी व्हायची. कोणीतरी म्हणाले, डॉक्टर घरी बोलावून इंजेक्शन द्या, सुटेल बिचारा. त्यावर सासूबाई कडाडल्या, "रोज सकाळी पंचशील घेता ना? पहिलं शील काय सांगतं? ज्यानं घर राखलं त्यालाच मारणार?" सुनेने आम्हाला विचारले, "तुम्हीच सांगा, आईंचं चुकतं का?"

आमचे उत्तर असे की आईंचे चुकत नाही. ज्या घरात हा प्रश्न इतक्या पोटतिडकीने विचारला जातो, त्या घराने धम्म पाठ केलेला नाही, अंगी लावलेला आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आपल्या समाजाचा इतिहास आठवावा. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती, फक्त आपल्या माणसांना बंदी होती. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सुनावले, की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून वाईट वागवतात तो देश मी आपला कसा म्हणू? ज्यांना जनावरापेक्षा खाली ठेवले त्यांनी जनावराचा राग धरला असता, तर नवल नव्हते. पण आपल्या लोकांनी तो धरला नाही. अपमान माणसांनी केला होता, मुक्या जिवाने नव्हे, हे आपल्या आजी-आजोबांना नीट कळत होते.

आता पहिल्या शिलाकडे येऊ. जीवहिंसेपासून दूर राहीन, असे आपण स्वतःला वचन देतो. कोणा देवाने घातलेली ती आज्ञा नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची फार सूक्ष्म उकल केली आहे. तत्त्व वेगळे आणि नियम वेगळा, असे ते सांगतात. नियम माणसाला जखडून ठेवतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. अहिंसा हे तत्त्व आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत बुद्धांनी फरक केला, हे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा: आमच्या मनात इच्छा आहे की निकड? कण्हणे ऐकवत नाही, मोरी धुवून कंटाळलो, पाहुणे नाक मुरडतात, म्हणून डॉक्टर बोलवायचा असेल तर ती आपली सोय झाली. औषध चालत नाही, दुखणे थांबत नाही, पुढे फक्त तडफड आहे, असे जाणकाराने सांगितले असेल तर ती निकड.

भिक्खूसंघात याबाबत एकच मत आहे असे नाही. कितीतरी भंतेजी सांगतात की शेवटपर्यंत सेवा करा, दुखणे कमी करा, पण प्राण आपल्या हाताने घेऊ नका, कारण त्या क्षणी मनात किंचितही तिटकारा नसेल याची खात्री कोणी द्यावी? हा इशारा मोलाचा आहे आणि जे कुटुंब त्या वाटेने जाईल त्याला आम्ही भित्रे म्हणणार नाही. मात्र एक युक्तिवाद आपल्याला चालणार नाही. "मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या," असे काहीजण म्हणतात. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी साफ नाकारला. याच विचाराने आपल्याला शतकानुशतके उकिरड्यावर बसवले होते. तो आपण कुत्र्यालाही लावू नये.

हा पेच मोठमोठ्यांनाही पडला आहे. गांधीजींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण १९२८ सालची साबरमती आश्रमातील गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आश्रमातले एक वासरू जायबंदी होऊन पडले होते. त्याला कूसही बदलता येईना, वेदना असह्य झाल्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली. जे आपण निर्माण करू शकत नाही ते घेण्याचा हक्क नाही, असे एकाने बजावले. अखेर गांधीजींनी डॉक्टर बोलावला आणि आपल्यासमोर इंजेक्शन देवविले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. ही हकीकत त्यांनी स्वतः छापली, तेव्हा संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. यातून घेण्यासारखे एवढेच, की त्यांनी घाई केली नाही, चारचौघांत विचार केला, जाणकाराकडून करवले, स्वतः हजर राहिले आणि काही लपवले नाही.

आणि दूर साबरमतीला तरी कशाला जायचे? आपल्या स्टेशनच्या पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणून काढला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे सापडला, तर नवव्याचा १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. हा नववा लेख काय सांगतो? लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, दान आणि प्राणिमात्रांविषयी संयम. अशोकाच्या दुसऱ्या लेखात तर माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही उपचारांची सोय केल्याचे लिहिले आहे. आधी उपचार, हा त्यातला धडा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

म्हणून पहिली गोष्ट, जनावर म्हातारे झाले म्हणजे मरणाला टेकले असे समजू नये. उठता येत नाही ते सांध्यांच्या दुखण्याने असू शकते आणि त्यावर गोळ्या असतात. खात नाही ते किडलेल्या दातामुळे, सुस्त पडते ते गोचीडतापामुळे किंवा मादी असेल तर गर्भाशयात पू झाल्यामुळे असू शकते. वेळेवर दाखवले तर यातले पुष्कळ बरे होते. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. गिरणगावातली जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तेथे अगर जवळच्या डॉक्टरकडे एकदा तपासणी झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, घरातली माणसांची औषधे देऊ नयेत. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते आणि अंगदुखीच्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. दया म्हणून दिलेली गोळी विष ठरू नये.

तिसरी गोष्ट, भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करावा. रोज रात्री घरातल्यांनी मिळून पाहावे: आज खाल्ले का? पाणी प्यायले का? स्वतःहून उठले का? आपला आवाज ऐकून शेपटी हलवली का? दुखणे गोळीने आवरले का? दिवस बरा गेला तर टिकली, वाईट गेला तर फुली. दोन-तीन आठवड्यांत फुल्या वाढत चालल्या आणि डॉक्टरही म्हणाले की आता औषधाची मात्रा संपली, तर उत्तर त्या कॅलेंडरवरच लिहिलेले असेल. निर्णय एकट्याच्या माथी मारू नये. बहुतेक घरांत तो बाईवर ढकलला जातो, कारण सेवा तीच करत असते.

घरी डॉक्टर बोलावण्यात एक फायदा आहे. दुखऱ्या जनावराला रिक्षात घालून हिंदकळत नेण्याची गरज पडत नाही, ते आपल्या गोणपाटावर, ओळखीच्या वासात असते. फी आधीच विचारून घ्यावी, त्यात संकोच नको. डॉक्टर सहसा प्रथम गुंगीचे इंजेक्शन देतात, मग भुलीच्याच जातीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेत सोडतात. काही सेकंदांत शुद्ध जाते, नंतर श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात, एखादा आचका येतो, लघवी होते. ते दुखण्याचे लक्षण नव्हे, हे आधी माहीत असावे म्हणजे घरचे घाबरत नाहीत. हे काम नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचेच आहे. कोणी "पावडर घालतो, स्वस्तात होईल" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे क्रूर मारणे गुन्हा ठरवले आहे. म्हातारे कुत्रे गोणीत भरून खाडीकडे किंवा लांबच्या स्टेशनवर सोडून येणे, त्याची उपासमार करणे, हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. "आम्ही मारले नाही, फक्त सोडले" असे म्हणून पहिले शील पाळले जात नाही.

मोतीच्या घरी काय झाले ते सांगतो. तपासणी झाली, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडा टिकल्यांचा गेला. तो अंगणात येऊन उन्हात बसला, तेव्हा सासूबाईंनी साऱ्या चाळीला सांगितले. मग पाठीला जखमा झाल्या, पाणी पोटात ठरेना, फुल्यांवर फुल्या पडू लागल्या. एका रात्री सासूबाईच मुलाला म्हणाल्या, "अरे, हा आता आपल्यासाठी जगतोय." डॉक्टर रविवारी दुपारी आले. सासूबाईंनी मोतीचे डोके मांडीवर घेतले आणि शेवटपर्यंत हात फिरवत राहिल्या. त्यांचे मत बदलले असे त्या आजही म्हणत नाहीत. "शील मोडलं का राखलं, ते मला ठाऊक नाही. पण त्याला एकटा सोडला नाही," एवढेच त्या म्हणतात. यापेक्षा प्रामाणिक उत्तर आमच्यापाशीही नाही.

मागे देहाचा प्रश्न उरतो. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने आपल्या माथी मारले होते आणि बाबासाहेबांच्या शब्दाखातर आपल्या लोकांनी ते टाकले. म्हणून काही वडीलधाऱ्यांना मेलेले जनावर उचलणे जड जाते. ते समजण्यासारखे आहे. पण तो वेठीचा धंदा होता आणि हा आपल्या घरच्या जिवाला आपणहून दिलेला निरोप आहे. ज्या औषधाने मरण येते ते देहात राहते. उघड्यावर टाकलेल्या देहाला तोंड लावले तर दुसरी कुत्री, कावळे मरतात. म्हणून विहिरीपासून दूर, कमरेइतका खोल खड्डा करून पुरावे. जागा नसेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारावे. तेरावे, नैवेद्य, शांत असले काही करू नये. त्रिशरण-पंचशील घ्यावे, सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्रीभावना करावी. तेवढे पुरे.

आणि मुलांशी खोटे बोलू नये. "मोतीला गावाला पाठवलं" असे सांगितले तर ते पोर गावाला जाऊन त्याला शोधील. किसा गोतमीला तथागतांनी खोटा धीर दिला नाही. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, असे सांगून त्यांनी तिला दारोदार पाठवले आणि दारोदार फिरूनच तिला कळले. आपल्या मुलांनाही साध्या शब्दांत सांगावे, की तो फार आजारी होता, बरा होण्यासारखा नव्हता, डॉक्टरांच्या औषधाने तो न दुखता गेला, आणि हे आपण सर्वांनी विचार करून ठरवले. त्यांना रडू द्यावे. जमल्यास स्तूपावर घेऊन जावे आणि दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत एका राजाने प्राण्यांविषयी काय कोरून ठेवले होते, ते सांगावे.

जयभीम! नमो बुद्धाय!