अजगराचा उपास

गेल्या महिन्यात आमच्या हाती एक पत्र आले. लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या बडोद्याच्या, वयाने सत्तरीपुढच्या आणि या मासिकाच्या जुन्या वर्गणीदार. परंतु पत्र आले होते अमेरिकेतील टेक्सासहून, त्यांच्या मुलाच्या घरून. आम्हांस येणाऱ्या पत्रांत लोणच्याला बुरशी का येते, सुनेशी कसे जमवून घ्यावे, असे विषय असतात. या पत्राचा विषय मात्र अजगर हा होता.

बाईंच्या बारा वर्षांच्या नातवाने घरात एक अजगर पाळला आहे. भ्याला की तो स्वतःचा गोल गोळा करून डोके मधोमध लपवितो, म्हणून नातवाने त्याचे नाव 'लाडू' ठेवले. या लाडवाने अकरा आठवडे अन्नास तोंड लावलेले नाही. नातू रोज रात्री काचपेटीपाशी बसून राहतो, आणि अलीकडे त्याचे स्वतःच्या ताटावरही लक्ष नसते. शेजारीण सांगते की, अजगराने जेवण सोडले म्हणजे तो धन्याला गिळण्याची तयारी करीत असतो. शेजारी सरळ लांब पडून अंगाचे माप घेतो. सून म्हणते, प्राणी परत देऊन टाका. 'त्याला वाटीभर दूध दाखवू का?' असे बाईंनी शेवटी विचारले होते.

आम्ही सर्पतज्ज्ञ नव्हे. आमची अजगराशी ओळख कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात लहानपणी झाली, तीही अशी की तासभर काचेला नाक लावून उभे राहिलो तरी तो हलला म्हणून नाही. परंतु प्रश्नामागे एका मुलाची झोप अडली होती. तेव्हा वाचले, जाणत्या पशुवैद्याला विचारले, आणि जे हाती लागले ते येथे देत आहोत.

घरोघरी पाळला जाणारा हा अजगर आपल्याकडचा नव्हे. त्याला 'बॉल पायथन' किंवा 'रॉयल पायथन' म्हणतात. त्याचे घर पश्चिम व मध्य आफ्रिका. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो परदेशी जातो. (बेनिनमधील विदा या गावी अजगरांचे देऊळच आहे.) लांबी सहसा तीन ते पाच फूट. रानात तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या जुन्या वारुळांत दडतो व रात्री शिकार साधतो. ओठांवरच्या बारीक खळग्यांनी त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब अंधारातही कळते. त्याच्या लेखी अन्न म्हणजे आधी वास, मग ऊब, मग हालचाल. या तिहींपैकी एक उणे पडले तरी समोरचा उंदीर त्याच्या दृष्टीने अन्नच ठरत नाही.

आता उपासाविषयी. आपले जठर, आतडी, काळीज ही सारी अष्टौप्रहर राबत असतात, म्हणून आपणांस दोन वेळा जेवावे लागते. अजगराचा संसार निराळा. जेवण नसेल तेव्हा तो आपले पचनाचे कारखाने जवळजवळ बंद ठेवतो. आतडी आक्रसतात, खर्च अगदी थोडका राहतो. भक्ष्य पोटात गेले की सारे पुन्हा उभारले जाते. ब्रह्मी अजगरावरचे एक संशोधन २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठे भक्ष्य गिळल्यावर अवघ्या ४८ तासांत त्याच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. पचन आटोपले की तो पुन्हा ओसरतो. असा देह असलेल्या प्राण्याने आठवडेच्या आठवडे न जेवणे हे हट्टाचे किंवा दुखण्याचेच लक्षण असते असे नाही.

याचा सर्वांत सुंदर पुरावा अजगराची आई देते. अंडी घातल्यावर ती त्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि पिले बाहेर येईपर्यंत सहसा अन्न घेत नाही. हिंदुस्थानात राहून गेलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने ही माता अंड्यांना स्वतःच्या अंगची ऊब देते, असे पॅरिसच्या विद्वानांस १८३२ च्या सुमारास सांगितले, तेव्हा थंड रक्ताच्या प्राण्याला ऊब कोठली म्हणून त्यांनी ते मानले नाही. पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक मादी अंड्यांवर बसली. वालांसिएन यांनी तापमापक लावून पाहिला, आणि ऊब खरोखरीच निघाली. अंग आखडून-सैल करून, एक प्रकारे कुडकुडून, ती ही ऊब निर्माण करते, हे पुढच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

भागवतातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत अजगराला बसविले आहे. न मागता आले ते घ्यावे, न आले तर स्वस्थ पडून राहावे, एवढाच त्याचा उपदेश. एकादश स्कंध वाचताना आम्हांस हा गुरू जरा आळशी वाटत असे. आता आदर वाढला आहे.

पण काचपेटीतला उपास आणि रानातला उपास यांत फरक आहे, आणि खरी काळजी तेथेच घ्यायची. रानात अजगर ऊन-सावली स्वतः निवडतो. पेटीत ती आपण देऊ तेवढीच. पेटीच्या एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सियस ऊब हवी, दुसरे टोक २५-२६ अंशांचे. ऊब कमी पडली तर पचन होणार नाही हे अजगराला कळते, आणि तो जेवतच नाही. जेवलाच तर कधी कधी ओकून टाकतो. दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी लपण्याची जागा हवी. मोठी, उघडी, लख्ख दिव्यांची पेटी आपल्याला प्रशस्त वाटते, बिळातल्या प्राण्याला ती भर चौकात पान मांडल्यासारखी वाटते. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर दुधी होतात, त्या दिवसांत बरेच अजगर जेवत नाहीत. वयात आलेले नर जोडीच्या हंगामात महिनोन् महिने विटतात. नवे घर, नवा वास, आणि सर्वांहून अधिक म्हणजे सारखी हाताळणी, यांनीही भूक मरते.

जिवंत उंदीर पेटीत सोडणे क्रूर तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे. भूक नसलेल्या अजगराला उंदीर कुरतडून जखमी करतो. म्हणून तिकडे गोठविलेले उंदीर विकत मिळतात. ते रात्रभर थंड कपाटात ठेवून सावकाश सैल होऊ द्यावेत, मग गरम पाण्याने अंगाबरोबर कोमट करावेत. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच घालू नयेत. उंदीर अजगराच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच असावा. दिवा मालवून लांब चिमट्याने पुढे धरावा, बोटाने नव्हे, कारण अंधारात ऊब उंदराची की बोटाची हा निवाडा तो आधी चावून मग करतो. पकडल्यावर चिमटा किंचित हलवावा, म्हणजे वेटोळे घट्ट बसते. नाकारला तर अर्ध्या तासाने काढून घ्यावा आणि आठवडाभर पुन्हा विचारू नये. जेवल्यावर दोन दिवस हात लावू नये. बळजबरीने घास भरविणे हे घरच्यांचे काम नव्हे.

उपास साधा की दुखण्याचा, हे ओळखण्याचे साधन वजनकाटा. प्रौढ, धष्टपुष्ट अजगर महिन्या-दोन महिन्यांत थोडेसेच वजन गमावतो. दहावा हिस्सा घटला, तोंडाशी फेस आला, श्वासाला घरघर लागली, कणा वर दिसू लागला, तर सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. पिलांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये.

दुधाविषयी दोन शब्द पुरेत. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला तहानलेला ठेवलेला नाग ते पितो, कारण त्याला पाणी मिळालेले नसते. माप घेण्याची गोष्टही कपोलकल्पित आहे. अजगर दबा धरून शिकार करतो. भक्ष्यापाशी दिवसचे दिवस ताणून पडला तर भक्ष्य पळून जाईल. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर २०१७ साली अजगराने माणूस गिळल्याची घटना घडली हे खरे, पण तो जाळीदार जातीचा प्रचंड अजगर होता. चार फुटी लाडवाच्या तोंडी उंदराहून मोठे फारसे काही मावत नाही.

हे वाचून येथे कोणाच्या मुलाने हट्ट धरला तर आधीच सांगून ठेवतो. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींची नोंदणीही २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते.

बाईंना आम्ही एवढेच कळविले: वजन लिहून ठेवा, ऊब तपासा, आणि नातवाला पेटीपासून दूर ठेवा. त्यांचे उत्तर परवा आले. नातवाची वही निघाली. वजन अकरा आठवड्यांत १४२० ग्रॅमवरून १३८५ वर आले होते. ऊब ठीक होती. मात्र पोरगा काळजीपोटी रोज दोन-तीनदा लाडवाला बाहेर काढून कुरवाळीत होता, तोंडापाशी उंदीर नाचवीत होता. पेटीला तीन बाजूंनी काळा कागद लावला, लपायला दुसरे खोके ठेवले, आणि नऊ दिवस हात लावायचा नाही असे ठरले. ते नऊ दिवस लाडवापेक्षा नातवालाच जड गेले, असे बाई लिहितात. दहाव्या रात्री अंधारात चिमटा पुढे झाला, आणि लाडवाने झडप घातली. पोरगा जिना उतरून स्वयंपाकघरात आला आणि उभ्यानेच दोन पोळ्या खाऊन गेला.

आता बाईंची तक्रार निराळी आहे. उंदरांची पाकिटे बर्फाच्या कप्प्यात त्यांच्या पुरणाच्या डब्याला लागून ठेवलेली असतात. सुनेने, तीच ती प्राणी परत देऊ म्हणणारी, गॅरेजात एक छोटी शीतपेटी आणून दिली आहे. फक्त तिच्यावर काय लिहावे यावर अजून घरात एकमत झालेले नाही.