छापखान्यातले चोवीस आणि दोन कायदे

संघटनेच्या अभ्यासवर्गात नवे सभासद आले की आम्ही त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. चार कामगारांनी एकत्र येऊन पगार व कामाचे तास मागणे हा गुन्हा आहे काय? पोरे हसतात. पण सव्वाशे-दीडशे वर्षांमागे कॅनडातल्या टोरोंटो शहरात तो गुन्हा होता, आणि त्यात सापडले होते छापखान्यातले कंपॉझिटर.

कंपॉझिटर म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा कारागीर. दिवसभर उभे राहायचे, रात्री गॅसच्या दिव्याखाली डोळे फोडायचे, कोंदट हवेत श्वास घ्यायचा. एक मात्र होते. जे जुळवायचे ते वाचावेच लागे, म्हणून जगात काय चालले आहे हे या माणसाला इतरांआधी कळे. टोरोंटोला यॉर्क म्हणत, तेव्हाच १८३२ मध्ये तिथल्या मुद्रकांनी आपली संघटना उभारली होती.

१८७२ साली कॅनडात नऊ तासांच्या दिवसाची चळवळ पेटली. रेल्वेतल्या बांधवांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे की हॅमिल्टन गावी या चळवळीच्या पुढारीपणात ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा जेम्स रायन नावाचा यंत्रकामगार होता. टोरोंटोच्या मुद्रकांची मागणी साधी होती, साठऐवजी आठवड्याला ५४ तास. मालकांनी ती धुडकावली. २५ मार्चला संप सुरू झाला.

मालकांचा म्होरक्या जॉर्ज ब्राऊन. ‘ग्लोब’ पत्राचा मालक आणि लिबरल पक्षाचा बडा पुढारी. हा गृहस्थ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लिहीत, बोलत आला होता. दूरच्या गुलामासाठी कळवळणारी लेखणी स्वतःच्या छापखान्यातल्या माणसाचा एक तास सोडायला तयार नव्हती! अशी माणसे आम्हीही पाहिली आहेत, व्यासपीठावर आणि ऑफिसातही. उलट सरकारपक्षाच्या बाजूच्या ‘लीडर’ पत्राने मुद्रकांच्या अटी मान्य केल्या. ब्राऊनने बाहेरगावची माणसे आणून अंक काढले.

१५ एप्रिलला दोनेक हजार कामगारांचा मोर्चा निघाला. क्वीन्स पार्कला पोहोचेपर्यंत गर्दी दहा हजारांवर गेल्याचे सांगतात. त्यापुढची चाल ब्राऊनची. संप समितीच्या २४ जणांवर कटाच्या आरोपाखाली वॉरंट निघाली. आधार कोणता, तर जुना इंग्रजी कायदा. त्याच्या लेखी धंद्यात अडथळा आणणारी कामगारांची एकजूट म्हणजे कट. खुद्द इंग्लंडने १८७१ मध्येच हे बदलले होते, पण वसाहतीत ते पोहोचले नव्हते.

पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड हा ब्राऊनचा जुना वैरी, आणि निवडणूक जवळ आलेली. त्याने चार दिवसांत विधेयक आणले आणि १४ जूनला कामगार संघटना कायदा झाला. नुसती एकजूट हा आता गुन्हा राहिला नाही. अटकेतल्यांवरचा खटलाही बारगळला. बऱ्याच छापखान्यांत ५४ तास लागू झाले, पण कित्येक संपवाल्यांची नोकरी गेली ती गेलीच. मॅक्डोनाल्डला कामगारांचा कळवळा किती आणि मतांचा किती, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे.

पण आमच्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. याच अधिवेशनात, त्याच सरकारने, दुसराही एक कायदा केला. संपाच्या वेळी धाक घालणे तर सोडाच, कारखान्याच्या दाराशी पहारा देऊन उभे राहणेही त्याने शिक्षेस पात्र ठरवले. म्हणजे संघटना काढा, परंतु फाटकाशी फिरकू नका! शिवाय पहिल्या कायद्याचे संरक्षण नोंदणी केलेल्या संघटनांनाच होते आणि नोंदणी फारच थोड्यांनी केली. शांततेच्या पिकेटिंगला सूट मिळायला १८७६ उजाडले.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? १९२६ च्या कायद्याने नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना, संघटनेच्या कायदेशीर कामापुरते, कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले. फार मोठी गोष्ट. पण १९६० च्या जुलैत आणि १९६८ च्या सप्टेंबरात केंद्रीय कर्मचाऱ्यांनी, म्हणजे रेल्वे आणि टपालवाल्यांनीच, संप पुकारला तेव्हा अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम निघाला. १९७४ मध्ये ८ मेचा संप सुरू होण्याआधीच २ मेला पुढाऱ्यांना पकडले. तेव्हा १९२६ चा कायदा रद्द झालेला नव्हता. तो जागच्या जागी होता, आणि आमची वडीलधारी माणसे तुरुंगात होती.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९२६ चा कायदा आपल्या पोटात घेतला. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस तिने सरसकट सगळ्या उद्योगांना लावली. रेल्वे-टपालाला ती लोकोपयोगी सेवा म्हणून आधीपासूनच होती, तेव्हा यात आमचे काय गेले, असे आमचेच काही सभासद म्हणतात. गेले ते शेजारच्या कारखान्याचे. उद्या आपल्या मदतीला त्याने एक दिवस काम बंद करायचे म्हटले, तर त्यालाही आता दोन आठवडे थांबावे लागेल.

मान्यतेच्या कलमावर आमच्या सभांत टाळ्या पडतात. शिक्षेची कलमे कोणी उघडत नाही. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येक शाखा सचिवाने संहितेची प्रत आणावी. सुरुवात शेवटच्या प्रकरणांपासून करू.