बुओना व्हिस्टाहून : आईच्या गोळ्यांची खतावणी

बुओना व्हिस्टा ह्या इटालियन नावाचा अर्थ 'छान देखावा'. आमच्या खिडकीतला देखावा असा : अलीकडे हॉलंड ड्राइव्हचे सरकारी ब्लॉक आणि काठ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि एम.आर.टी.च्या रुळांपलीकडे वन-नॉर्थच्या काचेच्या इमारती. सिंगापूर विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेला, म्हणून हे वन-नॉर्थ. २००३ साली तिथे बायोपोलिस उघडले, २००८ साली फ्युजनोपोलिस. इमारतींची नावेसुद्धा जिनोम, प्रोटिऑस अशी. तिथे औषधांवर नि संगणकांवर मोठमोठी संशोधने चालतात. आणि रुळांच्या अलीकडे, परदेशी एम.एस. केलेल्या इंजिनियरच्या घरात, त्याच्या आईला एकच औषध दोन नावांनी आठ दिवस दिले गेले!

झाले ते असे. आमची आई वर्षातले काही महिने सांगलीला असते, काही महिने इथे. येताना सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेली ग्लायकोमेट घेऊन आली. इथे तपासणी झाली, इथल्या डॉक्टरांनी ग्लुकोफाज लिहून दिली. सांगलीच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना सांगायचे आम्हीच विसरलो. एक 'तिथली साखरेची', एक 'इथली साखरेची', म्हणून आई दोन्ही घेत राहिली. पोट बिघडले, जेवण जाईना. आम्ही दोष दिला घिम मोहच्या बाजारातल्या भाजीला. शेवटी आमच्या सौ.नी चष्मा लावून दोन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचली. मूळ औषध दोन्हींकडे एकच, मेटफॉर्मिन. लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नीट मात्रा ठरवून दिली, आणि निभावले. पण त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही.

आता आमच्यातला इंजिनियर जागा झाला. म्हटलं, ह्याला एक प्रोग्रामच लिहू या! तीन शनिवार-रविवार खर्ची घातले. डेटाबेस, पासवर्ड, रंगीत पडदे, सगळे काही. मोठ्या थाटात सौ.पुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "अहो, गोळी कशासाठी आहे हे आईंच्या शब्दांत लिहायला जागा कुठाय? त्या 'दाबाची', 'साखरेची', 'पायाच्या सुजेची' असंच म्हणतात." आम्ही म्हटलं, पुढच्या रविवारी करतो. मग त्यांना सांगलीची आणि इथली वेळ शेजारी-शेजारी हवी होती, कारण आपल्याकडची घड्याळे इथल्यापेक्षा अडीच तास मागे. आम्ही म्हटलं, त्याच्या पुढच्या रविवारी. चार मागण्या झाल्या आणि पाचवी आलीच नाही. प्रोग्राम पसंत पडला असे समजून आम्ही स्वतःवर खूश!

पसंत कसला? स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर 'कालनिर्णय'च्या चौकोनांत पेन्सिलीने साखरेचे आकडे आणि गोळ्यांच्या खुणा. वाचकहो, जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली काढलेल्या ह्या दिनदर्शिकेवर किती घरांनी दुधाचे, इस्त्रीचे नि मोलकरणीच्या खाड्यांचे हिशेब ठेवले असतील! कुणाची परवानगी नाही, कुणाची शिकवणी नाही. ज्याचे काम त्यानेच आपल्या सोयीने चौकोन वापरला. आमच्या प्रोग्रामला तेवढे जमले नव्हते. कालनिर्णयची अडचण एवढीच की मागची गोष्ट शोधायची तर पाने उलटत बसावे लागते, आणि वर्ष संपले की सगळे खिळ्यावरून खाली.

अशा वेळी एका सहकाऱ्याने टिडलीविकी दाखवले. लंडनच्या जेरेमी रस्टन ह्यांनी २००४ साली केलेली ही चीज फुकट मिळते. सगळा कारभार एका फाइलीत, दोन-तीन एमबीच्या. म्हणजे फोनवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढी. ब्राउझरमध्ये उघडली की ती वही होते. वहीतल्या प्रत्येक नोंदीला 'टिडलर' म्हणतात, म्हणजे इंग्रजीत चिमुकला मासा. (आईला हे सांगितले नाही. शाकाहारी घर आहे.) नोंदीला नाव द्यायचे, मजकूर लिहायचा, हवे तितके टॅग लावायचे, आणि रकाने कमी पडले तर आपले आपण वाढवायचे. मराठीत सगळे चालते.

आम्ही सौ.ना टॅगची संकल्पना समजावून सांगायला बसलो. दोन मिनिटांत त्यांनी थांबवले. "म्हणजे खतावणीच की!"

सौ. बी.कॉम., लग्नाआधी सांगलीच्या एका पतसंस्थेत सात वर्षे. त्यांनी उलट आम्हालाच शिकवले. रोजकीर्दीत व्यवहार तारखेवार उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार जातात. एकच रक्कम दोन ठिकाणी लिहायची, म्हणजे 'त्या दिवशी काय झालं' आणि 'ह्या खात्याचं काय झालं' ह्या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते. कारकुनाचा निम्मा दिवस ह्या उतरवण्यातच जायचा. इथे नोंद एकदाच लिहायची आणि टॅग लावायचे. खात्यावर ती आपोआप चढते. ग्लायकोमेटच्या नोंदीला 'मेटफॉर्मिन' टॅग, ग्लुकोफाजच्या नोंदीलाही तोच. टॅगवर बोट दाबले की दोघी एका खात्यात हजर. आमच्या प्रोग्रामात गोळीचे नाव, वेळ, मात्रा सगळे होते. मूळ औषधाचे खाते मात्र नव्हते, कारण ते आम्हाला सुचलेच नाही. ज्या चुकीसाठी एवढा खटाटोप, ती आमच्या प्रोग्रामने पुन्हा होऊ दिली असती.

एका ठिकाणी आमची मदत लागली. त्यांना 'मेटफॉर्मिन' टॅग असलेल्या आणि शिवाय 'चालू' असा टॅग असलेल्या, एवढ्याच नोंदींची यादी हवी होती. त्यासाठी चौकटी कंसांत एक ओळ लिहावी लागते. ती आम्ही लिहून दाखवली, बाकीच्या औषधांच्या त्यांनी त्यावरून केल्या. आम्हाला पुन्हा हुरूप आला. म्हटलं, एका खात्यावर दोन चालू गोळ्या दिसल्या तर पान लाल करून देऊ का? म्हणाल्या, "कशाला? दिसतंय की डोळ्यांना."

ह्या वहीची खरी गंमत आणखी आत आहे. तिची बटणे, बाजूची यादी, रंगरूप हेसुद्धा नोंदीच आहेत. उघडायच्या, वाचायच्या, बदलायच्या. सौ.नी एका नमुन्यातल्या बटणाच्या चार ओळी नकलल्या, नाव बदलले आणि 'नवी गोळी' असे आपले बटण केले. शेजारणीकडून पाककृती घ्यावी आणि आपल्या घरी गूळ थोडा कमी घालावा, तसे. बरे, बिघडले तर? मूळ नोंद खाली तशीच असते. आपला बदल पुसला की ती परत येते. ही सोय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. कोरी वही मिळाली तरी माणूस भितो, कारण 'माझ्या हातून मोडलं तर' हा धाक असतो. तो गेला की हात चालू लागतो.

हे वेड तसे जुनेच. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन ह्यांनी व्हिसिकॅल्क काढले, आणि प्रोग्रामिंगचे नाव न घेता हिशेबनीस स्वतःचे तक्ते मांडू लागले. १९८७ साली ॲपलने बिल ॲटकिन्सनचे हायपरकार्ड आणले. त्यात शिक्षकांनी धडे रचले, हौशी मंडळींनी खेळ केले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी विकी' म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचे ते नाव. धागा एकच : ज्याला काम ठाऊक आहे त्याच्याच हाती अवजार घडवण्याची सोय द्यायची. आता तर आपण बोलावे आणि संगणकाने प्रोग्राम लिहून द्यावा असेही दिवस आले आहेत. तरी 'खाते कुठले उघडायचे' हे त्याला सांगावे लागतेच, आणि ते आपल्याला काम करता-करताच कळते.

आता खोट. एक, फाइल स्वतःहून जपली जाईलच असे नाही. आजचे ब्राउझर पानाला आपल्या मनाने डिस्कवर लिहू देत नाहीत. तशी सोय आधी जोडून घ्यावी लागते, नाही तर दर वेळी नवी प्रत उतरवून घ्यावी लागते. सौ.चा एका दुपारचा मजकूर असाच गेला. दोन, दोन प्रती दोन ठिकाणी बदलल्या तर त्या पुन्हा एक करणे त्रासाचे. म्हणून आमच्याकडे मूळ प्रत एकच, सौ.च्या लॅपटॉपवर, सांगलीला भावाकडे जाते ती तारीख घातलेली, फक्त वाचायला. तीन, घरच्या माणसाच्या आजाराची माहिती आहे, ती कुठेही टाकू नये. आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे : वही म्हणजे डॉक्टर नव्हे. तपासणीला जाताना 'चालू गोळ्या' हे एक पान छापून न्यायचे, बाकी त्यांचे काम.

गेल्या खेपेला ते पान आईनेच पर्समधून काढून डॉक्टरांपुढे ठेवले. वर मोठ्या अक्षरांत 'साखरेची', 'दाबाची', 'पायाच्या सुजेची', आणि खाली त्यांची इंग्रजी नावे. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्या वेळी मला काही आठवावं लागलं नाही रे."

आमचा तीन रविवारांचा प्रोग्राम अजून डिस्कवर आहे, पासवर्डसकट. पासवर्ड आम्ही विसरलो. सौ.च्या वहीत मात्र परवा एक नवे खाते दिसले : 'ह्यांची कामे'. सतरा नोंदी आहेत. हा लेख त्यांतली एक. तिच्यावरचा 'चालू' टॅग आज निघेल.