सीट कव्हर : पसंती गिऱ्हाइकाची, जबाबदारी कारागिराची

मोटारीच्या सीट कव्हरच्या धंद्यात आपल्या राज्यात अनेक मुस्लिम कारागीर आहेत. मुंबईतील कुर्ला-कलिना भागापासून तालुक्याच्या गावातील रस्त्यालगतच्या टपरीपर्यंत शिलाई मशीनवर बसलेले आपले बांधव दिसतात. आता तयार कव्हरे घरपोच मिळू लागली आहेत. किमतीच्या शर्यतीत लहान दुकानदार त्यांच्यापुढे टिकणार नाही. त्याच्याजवळ एकच भांडवल उरते, आणि ते म्हणजे योग्य सल्ला व विश्वास.

गिऱ्हाईक रंग पाहून माल निवडते. तो माल त्याच्या गावच्या हवेत किती टिकेल, हे सांगणे आपले काम आहे. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात काळे रेक्झिन इतके तापते की दुपारी त्यावर बसवत नाही. शिवाय सततच्या उष्णतेने रेक्झिनला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू निघून जाते व ते कडक होऊन तडकते. अशा ठिकाणी फिका राखाडी किंवा बदामी रंग बरा. कोकणात मात्र तांबड्या मातीचे डाग फिक्या रंगावर लगेच उठतात, म्हणून तेथे तपकिरी रंग सोयीचा. काळा रंग मळ लपवितो हा समजही अर्धाच खरा आहे. धूळ आणि घामाचे पांढरे डाग काळ्यावरच अधिक दिसतात. अगदी फिक्या रंगावर नव्या जीनचा निळा रंग उतरतो, तेही आधीच सांगावे.

मालाचेही तसेच आहे. टॅक्सी, शाळेची गाडी किंवा लहान मुलांचे घर असेल तर चांगले जाड रेक्झिन उत्तम, कारण ओल्या फडक्याने ते पुसता येते. 'पीयू लेदर' दिसायला मऊ व देखणे असते, पण हलक्या प्रतीच्या पीयूचा थर दमट हवेत सुटू लागतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. किनारपट्टीच्या गिऱ्हाइकाला ते देताना शंभरदा विचार करावा. पॉलिएस्टरचे विणलेले कापड हवा खेळती ठेवते, उन्हातही बऱ्यापैकी टिकते, मात्र सांडलेला चहा पिऊन घेते. सुती कापड आटते व लवकर विटते.

पारख करण्यासाठी यंत्र लागत नाही. तुकडा दुमडून नखाने दाबावा. घडीवर पांढरी रेघ किंवा चीर दिसली तर माल हलका समजावा. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहावे. दोरा सुती नको, मजबूत पॉलिएस्टरचा हवा. टाके फार बारीक घातले तर रेक्झिनला चाळणीसारखी भोके पडून ते शिवणीवरच फाटते.

एक बाब तर जिवाशी निगडित आहे. अनेक नव्या गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीच्या बाजूला एअरबॅग असते. बहुधा तेथे 'एअरबॅग' असे लेबल लावलेले असते. अपघातात ती सीटच्या कडेतून फुटून बाहेर येते. ती कड जाड कव्हरने बांधून टाकली तर तिची वाट अडते. म्हणून अशा गाडीला ती बाजू मोकळी सोडणारे किंवा तेथे उसवणारी खास शिवण असलेलेच कव्हर बसवावे. खात्री नसेल तर काम नाकारावे.

सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पीयूला 'अस्सल चामडे' म्हणून विकणे हे त्या ओल्या धान्यावर कोरडे पसरण्यासारखेच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अशा फसवणुकीविरुद्ध दाद मागता येते.

तेव्हा बिलावर मालाचे खरे नाव लिहावे, हमी किती महिन्यांची व कशाची हे नमूद करावे आणि मालातील उणीव तोंडाने सांगावी. एखादे गिऱ्हाईक कदाचित परत जाईल. पण जे थांबेल ते पुढची गाडीही आपल्याच दुकानी आणील, इन्शाअल्लाह. हलाल कमाईतील बरकत याहून वेगळी काय असते?